मुंबईच्या प्लेगचा वाहक

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. आकासिओ व्हिएगस यांनीं एका रोग्याची गांठ पाहून हा प्लेग आहे असें निदान केलें. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. तेथें पोत्यांच्या थप्पीवर थप्पी रचलेल्या असत आणि त्यांच्या आश्रयानें उंदीरहि अगणित असत. रोगाचें मूळ अगदीं पायांखालीं होतें. परंतु तें निर्विवाद सिद्ध होण्यास पुढें दहा वर्षें लागलीं.

रोगाचा जंतु तोंवर अज्ञात राहिला नव्हता. १८९४ मध्यें हाँगकाँग येथें यर्सिन यांनीं तो शोधून काढला होता. प्रश्न निराळाच होता. हा जंतु माणसाच्या शरीरांत शिरतो तो कोणत्या वाटेनें? कोणी दूषित हवेला दोष देई, कोणी घाणीला, कोणी धान्याला. आणि बहुतेक अधिकाऱ्यांचा ग्रह असा कीं, तो एका माणसापासून दुसऱ्या माणसास जडतो. जसा ग्रह तसा उपाय. गटारांतून समुद्राचें पाणी व कार्बोलिक सोडण्यांत आलें, भिंतींना चुना फासण्यांत आला, रोग्याला इस्पितळांत आणि त्याच्या घरच्यांना छावणींत नेण्यांत आलें. माणसें भयभीत होऊन मिळेल त्या वाहनानें गांवीं निघालीं. १८९७ च्या आरंभीं मुंबई जवळजवळ निम्मी ओस पडली. फेब्रुवारींत साथींचा कायदा झाला आणि या उपायांना सक्तीची धार आली. पुण्यांत सोजिरांनीं घरोघर झडत्या घेतल्या, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली. त्या प्रकरणाची राजकीय बाजू सर्वांस ठाऊक आहे. वैद्यकीय बाजूकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. माणसें पकडलीं जात होतीं आणि उंदीर मोकळे होते.

लोकांना शास्त्र कळत नव्हतें, पण डोळे होते. घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें आणि गांवाबाहेर झोपड्या घालून राहावें, ही चाल खेडोपाडीं लवकरच रूढ झाली. कुमाऊंच्या डोंगराळ मुलुखांत तर ती मुंबईच्या साथीपूर्वींपासून होती. तिचें कारण कोणास सांगतां येत नसे. तिनें जीव मात्र वांचत.

१८९८ मध्यें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस एक साधा प्रयोग केला. पिसवांनीं भरलेला एक प्लेगचा उंदीर त्यानें काचेच्या बरणींत ठेवला. शेजारीं जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श अशक्य होता, पिसवांना मात्र जाळी आड येत नव्हती. रोगी उंदीर मेला आणि कांहीं दिवसांनीं निरोगीहि मेला. एवढ्या स्पष्ट गोष्टीवर विद्वानांनीं विश्वास ठेवला नाहीं. उंदरावरील पिसू माणसास चावतच नाहीं, हा त्यांचा मुख्य आक्षेप. युरोपांतील उंदरांवर सामान्यतः आढळणाऱ्या पिसवेपुरता तो बराचसा खराहि होता.

आक्षेपाचें उत्तर मुंबईंतच मिळालें. परळ येथें गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानांत १८९९ पासून हाफकीन यांची प्लेगची प्रयोगशाळा होती. १९२५ पासून तिला त्यांचेंच नांव आहे. तेथें काम करणारे ग्लेन लिस्टन यांना असें आढळलें कीं, मुंबईच्या उंदरांवरील पिसू जातीनें निराळी असून ती भुकेली झाली म्हणजे माणसालाहि चावते. उंदीर मेले होते अशा घरांत त्यांनीं गिनीपिग सोडले. ते परत आणल्यावर त्यांच्या अंगावर उंदरांच्याच पिसवा निघाल्या. गिनीपिग म्हणजे शेपूट नसलेला, सशासारखा एक गरीब प्राणी. मुंबईनें त्याचें ऋण कधीं मानल्याचें दिसत नाहीं.

१९०५ मध्यें प्लेग-संशोधनासाठीं नवें मंडळ नेमलें गेलें. लिस्टन त्यांत होते. मंडळानें परळास मुद्दाम लहान लहान कोठ्या बांधल्या. कांहींचीं छपरें उंदरांना बिळें करण्यास सोयीचीं, कांहींचीं गैरसोयीचीं. छपराखालीं तारेची जाळी होती. तिच्यांतून उंदीर उतरूं शकत नसे, पण पिसवा खालीं पडत. खालीं गिनीपिग. जेथें पिसवा होत्या तेथें रोग एका प्राण्यापासून दुसऱ्यास झाला, आणि पिसवा जितक्या अधिक तितका झपाट्यानें झाला. जेथें पिसवा नव्हत्या तेथें रोगी व निरोगी प्राणी एकमेकांच्या मलमूत्रांत वावरले, तरी निरोगी तो निरोगीच राहिला. प्लेग झालेल्या मातांचें दूध प्यालेलीं पिलेंहि वांचलीं. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतील प्राण्याला कांहीं झालें नाहीं, कारण पिसूची उडी तितकी जात नाहीं. प्लेगच्या घरांत पिंजऱ्याभोंवतीं चिकट कागदाचा पट्टा घातला तेव्हां आंतला प्राणी सुरक्षित राहिला. दहा वर्षांचा वाद सहा इंच रुंदीच्या त्या पट्ट्यानें मिटविला असें म्हटल्यास चालेल. हवा, घाण व स्पर्श हीं कारणें एकामागून एक गळून पडलीं. फुप्फुसांचा प्लेग तेवढा निराळा. तो खोकल्याच्या तुषारांतून माणसाकडून माणसाकडे जातो.

मंडळाला काळाचा क्रमहि सांपडला. प्रथम गटारांतला मोठा उंदीर मरे. सुमारें दहा दिवसांनीं घरांतला काळा उंदीर. आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनीं माणसें. खेडुतांनीं घर सोडण्याची वेळ याच मधल्या अवकाशांत येत होती.

पिसूच्या पोटांत काय घडतें, हें बेकट आणि मार्टिन यांनीं १९१४ मध्यें लंडनच्या लिस्टर संस्थेंत दाखविलें. जंतु तिच्या जठराच्या तोंडाशीं वाढून बूच बसवितात. रक्त आंत जात नाहीं, म्हणून ती उपाशी राहते आणि पुनःपुन्हा चावते; प्रत्येक वेळीं अडलेलें रक्त जंतूंसह जखमेंत परत येतें. उंदीर मेला कीं त्याचें अंग थंड पडतें, आणि अशी भुकेली पिसू ऊब शोधीत जवळच्या माणसाकडे जाते. आज वेळेवर दिलेल्या जंतुनाशक औषधांनीं प्लेगचा रोगी बरा होतो. तरी साथीच्या जागीं उंदरांवर विषप्रयोग एकदम सुरू करीत नाहींत. आधीं बिळांच्या तोंडाशीं व उंदरांच्या वाटांवर पिसवा मारणारी भुकटी टाकतात आणि मग उंदरांकडे वळतात. क्रम उलटा झाला तर मेलेल्या उंदरांवरील सर्व पिसवा घरांतल्या माणसांवर येतील.