लूप संपल्यावर काय उरते: लिस्पच्या दस्तऐवजीकरणातील काही गैरसमज

सी, जावा किंवा पायथन आधी शिकून लिस्पकडे वळणाऱ्यांचा असा समज असतो की या भाषेत लूप नसतोच, आणि तेच काम पुनःपुन्हा करायचे असेल तर रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणे, हा एकमेव मार्ग उरतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये एमआयटीत आखायला घेतलेल्या या भाषेच्या 1962 च्या ‘लिस्प 1.5’ मॅन्युअलमध्येच ‘प्रॉग’ ही रचना आणि नाव दिलेल्या खुणेकडे उडी मारणारे ‘गो’ आढळते; पुढे मॅकलिस्पमध्ये ‘डू’ आले, आणि ग्लेन बर्क व डेव्हिड मून यांनी लिहिलेले लूप मॅक्रोचे वर्णन एमआयटीने 1980 मध्ये प्रसिद्ध केले. रिकर्शनविषयीच्या समजाला खरा आधार आहे तो गाय स्टील आणि जेराल्ड ससमन यांच्या स्कीम या बोलीत, कारण फंक्शनच्या अगदी अखेरीस केलेला कॉल वाढीव जागा न घेता चालेल अशी हमी तिचे मानक देते, तर कॉमन लिस्पचे 1994 चे ॲन्सी मानक तशी हमी देत नाही.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे, कारण तो जाणकारांतही दिसतो: ‘लूप’ची रचना इंग्रजी वाक्यासारखी वाचता येते, म्हणून तिला निराळ्या स्पष्टीकरणाची गरज नाही. पनवेल, खांदेश्वर, मानसरोवर, खारघर आणि सीबीडी बेलापूर या हार्बर मार्गावरील स्थानकांची यादी घेऊन प्रत्येकाच्या प्रवासीसंख्येवर लूप फिरवला, तर ‘कलेक्ट’ त्या संख्यांची नवी यादी देतो, ‘सम’ बेरीज देतो आणि ‘मॅक्सिमाइझ’ सर्वांत मोठी संख्या देतो, इथवर वाचकाला काहीच अडत नाही. यादी रिकामी आली की मात्र वाचनीयता उपयोगी पडत नाही. तेव्हा ‘कलेक्ट’कडून ‘निल’, म्हणजे रिकामी यादी, मिळते आणि ‘सम’कडून 0 मिळतो, ‘मॅक्सिमाइझ’चे उत्तर काय असावे हे मात्र कॉमन लिस्पच्या मानकाने ठरवलेलेच नाही, त्यामुळे एका अंमलबजावणीत दिसलेले उत्तर दुसरीत मिळेलच असे नाही. ज्या फंक्शनच्या पोटात असा लूप आहे, त्याच्या वर्णनात रिकाम्या यादीबद्दल एक वाक्य नसेल, तर ते वर्णन अपुरेच म्हणावे लागते.

‘फायनली’ हा लूपच्या शेवटी चालणारा भाग असल्याने तो प्रत्येक वेळी चालतोच, हेही असेच गृहीत धरले जाते. ‘व्हाइल’ किंवा ‘अनटिल’ने लूप थांबला तर तो चालतो, पण ‘रिटर्न’ने मध्येच बाहेर पडल्यास, किंवा ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘देअरइज’ यांनी निकाल लवकर लावल्यास, तो वगळला जातो.

क्लोजरच्या बाबतीत घोटाळा आणखी खोल जातो. क्लोजर म्हणजे ज्या ठिकाणी तयार झाले तेथील चलांशी नाते टिकवून ठेवणारे फंक्शन. ‘डूलिस्ट’च्या प्रत्येक फेरीत त्या त्या स्थानकाचे नाव नंतर सांगणारे एकेक क्लोजर तयार केले, तर पाचही क्लोजरे पाच वेगळी नावे सांगतील अशी अपेक्षा असते, परंतु प्रत्येक फेरीला नवे चल बांधायचे की एकाच चलात नवे मूल्य भरत जायचे, हा निर्णय मानकाने ‘डूलिस्ट’ आणि ‘डूटाइम्स’ यांच्यासाठी अंमलबजावणी करणाऱ्यावर सोपवला आहे. एकच चल वापरले गेले तर सगळ्या क्लोजरांकडून एकच उत्तर येते. फेरीच्या आत ‘लेट’ने स्वतःचे चल बांधले की प्रश्न मिटतो, मात्र ते ‘लेट’ कशासाठी आहे हे टिपणीत नोंदवले नाही, तर पुढचा माणूस ते अनावश्यक समजून काढून टाकतो.

यावर सुचवला जाणारा उपाय, म्हणजे ‘मॅक्रोएक्स्पँड’ चालवून मॅक्रोचा विस्तार पाहावा आणि तोच दस्तऐवज मानावा, हा दिसतो तितका विश्वासार्ह नाही. मॅक्रो म्हणजे संकलनाच्या वेळी दुसरा कोड लिहून देणारा कोड. त्याचा विस्तार त्या एका अंमलबजावणीची पद्धत दाखवतो, भाषेने दिलेले वचन दाखवत नाही. ‘व्हाइल’नंतर ‘फॉर’ लिहिलेला लूप अनेक अंमलबजावण्या निमूटपणे स्वीकारतात, पण मानकाच्या व्याकरणानुसार चलांची कलमे मुख्य कलमांच्या आधी यावी लागतात, आणि हे विस्तार पाहून कधीच कळत नाही.

राहिला प्रश्न हे सारे लिहायचे कोठे याचा. कंसात कोठेही अवतरणचिन्हांत मजकूर टाकला की तो वर्णन ठरतो, हे खरे नाही: फंक्शनच्या प्राचलांच्या यादीनंतर, मुख्य कोडाच्या आधी आलेला मजकूरच ‘डॉक्युमेंटेशन’ या फंक्शनला सापडतो, आणि तोही पुढे प्रत्यक्ष काम करणारा कोड असेल तरच; मजकुराखेरीज काहीच नसेल तर तो फंक्शनचे उत्तर ठरतो. केवळ कंसबद्ध रूपे स्वीकारणाऱ्या साध्या ‘लूप’मध्ये तर असा सुटा मजकूर टाकताच रचना बिघडते. त्यामुळे रिकाम्या यादीचे उत्तर, मध्येच बाहेर पडण्याच्या अटी आणि परत येणारे मूल्य ही माहिती फंक्शनच्या वर्णनात जाते, आणि आतील ‘लेट’सारख्या खबरदारीचे कारण अर्धविरामाने सुरू होणाऱ्या टिपणीत, त्या ओळीच्या शेजारी.