उपसागराच्या सात वाटेकऱ्यांनी आधी काय करावे?

लेखमाला : शेजारचा समुद्र – लेखांक ६

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर जे चक्रीवादळ आदळले, त्याचे ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवले होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात कोकणाला झोडपत गुजरातकडे गेलेल्या ‘तौक्ते’चे नाव म्यानमारच्या यादीतले. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बागायतदाराचा ढाक्याशी काय संबंध, असे कुणाला वाटेल. पण या नावांमागे शेजारी देशांनी पन्नासहून अधिक वर्षे नेटाने चालवलेले एक काम आहे आणि त्या कामाने लाखो जीव वाचवले आहेत.

मागच्या लेखांकात आपण बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या देशांच्या ‘बिम्सटेक’ या संघटनेची जडणघडण पाहिली. जून १९९७ मध्ये बँकॉकमध्ये चार देश एकत्र आले. त्याच वर्षाअखेरीस म्यानमार आणि २००४ मध्ये नेपाळ व भूतान सामील झाले. बांगलादेश, भारत, श्रीलंका, थायलंड, म्यानमार, नेपाळ, भूतान अशा सात देशांच्या या गटात आज सुमारे १७० कोटी माणसे राहतात. मात्र १९९७ ते २०२५ या २८ वर्षांत शिखर परिषदा झाल्या अवघ्या सहा. संघटनेची सनद २०२२ मध्ये स्वीकारली गेली आणि मे २०२४ मध्ये लागू झाली. आधी १४ विषय हाती घेतले होते, ते कमी करून सात केले. प्रत्येक देशाकडे एक विषय सोपवला. भारताकडे सुरक्षा आली, थायलंडकडे दळणवळण, श्रीलंकेकडे विज्ञान-तंत्रज्ञान, बांगलादेशाकडे व्यापार.

चौदाचे सात झाले हे बरेच झाले. तरी प्रश्न उरतोच : या सातांतही आधी काय? वेळ, पैसा आणि राजकीय इच्छा तिन्ही मोजकीच असताना पहिला हात कशाला घालायचा? आजचा लेख याच प्रश्नावर आहे, आणि तो मी मुद्दाम समुद्रापासून दूरच्या एका वस्तीतून विचारतो आहे. ती वस्ती म्हणजे लखनौचे जानकीपुरम.

समुद्र नसलेल्या गावातून

जानकीपुरम हा लखनौचा उत्तरेकडचा, गोमतीपलीकडचा भाग. इथून सीतापूर रस्ता जातो. लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसर, तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि झपाट्याने वाढलेली घरे अशी ही वस्ती आहे. नदीच्या वाटेने समुद्र इथून हजाराहून अधिक किलोमीटरवर. पण दोन कारणांनी ही वस्ती बंगालच्या उपसागराच्या हिशेबात येते.

पहिले कारण गोमती. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यात उगम पावलेली ही नदी लखनौ ओलांडून वाराणसीच्या पुढे कैथीजवळ गंगेला मिळते. लखनौने नदीत जे सोडले, ते पुढे गंगेचे आणि शेवटी उपसागराचे होते.

दुसरे कारण जानकीपुरम विस्तारातली केंद्रीय औषध संशोधन संस्था. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित नेहरूंनी गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये तिचे उद्घाटन केले होते; पुढे ती सीतापूर रस्त्यावरच्या नव्या वास्तूत आली. आपल्या आशाताई गावोगाव ज्या ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्या देतात, त्यातले औषध याच संस्थेने शोधले. ते आधी ‘सहेली’ या नावाने बाजारात आले होते. समुद्रातल्या जीवांपासून औषधे शोधण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारने हाती घेतला, तेव्हा समन्वयाचे काम समुद्रकाठच्या कुठल्या शहराकडे न जाता लखनौच्या या संस्थेकडे आले. स्पंज, समुद्री शेवाळ, मऊ प्रवाळ, कांदळवनातली झाडे यांचे अर्क किनाऱ्यावरच्या संस्थांकडून यायचे आणि त्यांचा रोगांवर काही परिणाम होतो का, हे इथे तपासले जायचे.

म्हणून उपसागराच्या सहकार्याचा विचार फक्त बंदरांच्या आणि नौदलांच्या शहरांवर सोडून चालणार नाही. जे काम एकट्या देशाला करताच येत नाही आणि जे सीमेवरच्या भांडणांचा निकाल लागण्याची वाट न पाहता सुरू करता येते, ते आधी घ्यावे, असे मला ठामपणे वाटते. या कसोटीवर चार कामे पुढे येतात.

पहिले काम : वादळाची खबर शेवटच्या घरापर्यंत

नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला चक्रीवादळाने किमान तीन लाख माणसे नेली. त्या हाहाकारानंतर १९७२ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-प्रशांत आयोग यांनी मिळून या भागातल्या देशांचे चक्रीवादळ मंडळ स्थापन केले. आज त्यात १३ देश आहेत आणि दिल्लीचे प्रादेशिक केंद्र या सगळ्यांना इशारे पाठवते. २००४ पासून वादळांना सदस्य देशांनी दिलेली नावे दिली जातात. २०२० च्या नव्या यादीत प्रत्येकाची १३ अशी १६९ नावे होती. त्या यादीतले पहिले नाव ‘निसर्ग’.

याचे फळ आकड्यांत दिसते. १९९१ च्या वादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली. २००७ च्या ‘सिद्र’मध्ये ही संख्या साडेतीन हजारांच्या आसपास आली. २०२० चे ‘अम्फान’ अतितीव्र असूनही भारत आणि बांगलादेश मिळून मृत्यू शंभर-सव्वाशेच्या घरात राहिले. यात उपग्रहांइतकाच वाटा बांगलादेशाच्या गावोगावच्या स्वयंसेवकांचा आणि उंच बांधलेल्या निवाऱ्यांचा आहे.

याच्या नेमके उलटे उदाहरण मे २००८ चे. ‘नर्गिस’ इरावतीच्या मुखाकडे निघाल्याचे दिल्लीने म्यानमारला आधीच कळवले होते. पण तिथल्या लष्करी राजवटीत तो इशारा खाडीकाठच्या खेड्यांपर्यंत पोचला नाही, आणि सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. अंदाज बरोबर असून भागत नाही. तो माणसाच्या कानापर्यंत गेला पाहिजे, आणि कानावर पडल्यावर जायला जागा असली पाहिजे. नॉएडात बिम्सटेकचे हवामान केंद्र आहे आणि सुरक्षेच्या विषयात आपत्ती व्यवस्थापन भारताकडेच आहे. तेव्हा बांगलादेशाचा स्वयंसेवकांचा अनुभव म्यानमारच्या खेड्यांपर्यंत नेण्यासाठी पुढाकार भारताने घ्यायला हवा. म्यानमारमध्ये आज यादवी आहे हे खरे. पण वादळ यादवी संपायची वाट पाहणार नाही.

दुसरे काम : मासेमारी एकाच वेळी बंद

कोकणातल्या कोळ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मग दर्यात. मासळी अंडी घालते त्या काळात तिला मोकळीक दिली तर पुढचे वर्ष भरते. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर ही बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी ६१ दिवसांची असते.

बांगलादेशाने आपली बंदी मात्र २० मे ते २३ जुलै अशी ठेवली होती. मासा सीमा जाणत नाही. त्यामुळे जूनच्या मध्यानंतर भारतीय होड्या पाण्यात असत आणि बांगलादेशी कोळी घरी बसून आपल्या वाट्याची मासळी दुसरे नेताना पाहत. एप्रिल-मेमध्ये हेच उलटे घडे. कोळ्यांची तक्रार रास्त होती. अखेर २०२५ मध्ये बांगलादेशाने आपला काळ बदलून १५ एप्रिल ते ११ जून असा ५८ दिवसांचा केला. दोन्ही देशांचे संबंध तेव्हा ताणलेले होते, तरी हे झाले. म्हणूनच मला हे उदाहरण मोलाचे वाटते. दोन्ही बाजूंच्या पोटाचा प्रश्न असला की राजकारणाच्या तापमानाकडे न पाहता वाट निघते.

पुढचे पाऊल म्हणजे म्यानमारसह साऱ्या उत्तर उपसागराचे एकच मासेमारी वेळापत्रक. यासाठी नवे कार्यालय उघडायची गरज नाही. भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव यांची मत्स्यव्यवसायासाठीची आंतरसरकारी संघटना २००३ पासून चेन्नईत आहे. बिम्सटेकने तिला सोबत घेऊन म्यानमार व थायलंडला त्या टेबलाशी आणावे. सागरी हद्दीचा बहाणाही आता उरलेला नाही : बांगलादेश-म्यानमार हद्द २०१२ मध्ये आणि भारत-बांगलादेश हद्द ७ जुलै २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय निवाड्यांनी ठरली. वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाच्या वाट्याला गेले, तरी भारताने तो निकाल मान्य केला. मोठ्या शेजाऱ्याच्या या शहाणपणाची जगाने हवी तितकी दखल घेतली नाही.

तिसरे काम : समुद्रातले औषध कुणाचे?

आता पुन्हा जानकीपुरमच्या प्रयोगशाळेकडे. समुद्र औषधे देतो, हे फार पूर्वी सिद्ध झाले आहे. रक्ताच्या कर्करोगावरचे सायटाराबिन हे औषध कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात सापडलेल्या रेणूंवरून घडवले गेले आणि १९६९ पासून वापरात आहे. लखनौच्या संस्थेनेही जायलोकार्पस या कांदळवनी झाडाच्या फळांतले घटक मधुमेह आणि रक्तातली चरबी यांसाठी तपासले आहेत. सुंदरबनात या कुळातल्या झाडांना धुंदुल आणि पशुर म्हणतात.

सुंदरबन सुमारे १० हजार चौरस किलोमीटरचे. त्यातला साठ टक्के भाग बांगलादेशात. याच कुळातली झाडे म्यानमार, थायलंड आणि श्रीलंकेच्या खाड्यांतही वाढतात. मग त्या फळातून उद्या औषध निघाले, तर त्यावर हक्क कुणाचा? ज्या देशातून नमुना आला त्याचा? की त्याच झाडाखाली मध गोळा करणाऱ्या, खेकडे धरणाऱ्या सगळ्यांचा? जैविक संपत्तीच्या लाभाची वाटणी करण्यासाठी नागोया करार आहे, तो २०१४ पासून लागू आहे. पण तो प्रत्येक देशाशी स्वतंत्र परवानगीचा व्यवहार मानून चालतो. झाड पाच देशांत सामाईक असले की कंपनीला सगळ्यात स्वस्तात जो देईल त्याच्याकडे जायची मुभा मिळते, आणि बाकीचे चार हात चोळत बसतात.

यावर उपाय सोपा आहे : नमुने देण्याघेण्याची समान अट आणि लाभाचा ठरावीक हिस्सा किनाऱ्यावरच्या माणसांच्या सामाईक निधीत. बिम्सटेकमध्ये विज्ञान-तंत्रज्ञान श्रीलंकेकडे आहे, त्यात आरोग्यही येते. तपासणीची कसलेली प्रयोगशाळा लखनौत आहे. कोलंबोने नियम लिहावेत, ढाका आणि यांगूनच्या तरुण संशोधकांनी जानकीपुरममध्ये येऊन काम शिकावे, भारताने त्यांचा खर्च उचलावा. एका महामार्गाच्या काही किलोमीटरच्या खर्चात हे वर्षानुवर्षे चालेल.

चौथे काम : नदीला समुद्राच्या करारात घ्या

बिम्सटेकच्या यादीत पर्वतीय अर्थव्यवस्था आहे, सागरी अर्थव्यवस्थाही आहे. या दोघांमध्ये सगळे मैदान आहे आणि मैदानातून नद्या जातात. नेपाळची जवळपास प्रत्येक नदी गंगेला मिळते, भूतानची ब्रह्मपुत्रेला. दोन्ही देशांना समुद्र नाही, तरी ते उपसागराच्या संघटनेत आहेत आणि तिथे त्यांचे असणे योग्यच आहे. त्याच न्यायाने लखनौही उपसागराचे वाटेकरी ठरते.

गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून दरसाल सुमारे १०० कोटी टन गाळ उपसागराकडे नेतात. याच गाळावर सुंदरबन उभे आहे. तो कमी झाला की किनारा खचतो. त्यात घाण आणि प्लास्टिक वाढले की मासळी मरते. १९७५ मध्ये फराक्का धरण सुरू होण्यापूर्वी हिल्सा मासा अंडी घालायला अलाहाबादच्या पुढेही चढत असे. आज त्याची वाट फराक्क्याला अडते. लखनौत भरवाराचे ३४५ दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, तरी गोमतीचे पाणी शहराबाहेर पडताना गढूळ आणि दुर्गंधीयुक्त असते. जानकीपुरमच्या वाढत्या वस्तीतले गटार कुठल्या केंद्रात जाते, हा महापालिकेचा प्रश्न आहे आणि तितकाच बांगलादेशातल्या बरिसालच्या कोळ्याचाही.

इथे तारीख महत्त्वाची आहे. १२ डिसेंबर १९९६ चा गंगा पाणीवाटप करार ३० वर्षांचा. त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये पुरी होते. नवा करार फक्त घनमीटर मोजणारा नसावा. त्यात गाळ, पाण्याचा दर्जा आणि माशांची वाट ही कलमे हवीत, आणि नेपाळला निदान माहितीच्या देवाणघेवाणीत तरी जागा हवी.

मग काय मागे ठेवायचे?

अग्रक्रम ठरवायचा तर काही गोष्टी मागे ठेवायचे धैर्यही लागते. मुक्त व्यापाराच्या चौकटीवर २००४ मध्ये सह्या झाल्या. पूर्ण करार अजून झालेला नाही. भारत-म्यानमार वाहतुकीच्या कालादान प्रकल्पाचा करार २००८ चा. कोलकात्याहून सित्वे बंदरात पहिले जहाज २०२३ मध्ये पोचले आणि पुढचा रस्ता म्यानमारच्या यादवीत अडकून पडला. ही कामे सोडून द्यावीत असे मी म्हणत नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकमध्ये झालेला सागरी वाहतुकीचा करार चांगलाच आहे. पण परिषदेचे यश याच मोठ्या कामांवर मोजले, तर पुढची वीस वर्षेही अपयशच पदरी येईल आणि लोकांचा विश्वास उडेल.

बँकॉकनंतर अध्यक्षपद बांगलादेशाकडे आले आहे. दिल्ली-ढाका संबंधांत कटुता असली तरी चार कागद पुढच्या परिषदेत टेबलावर ठेवता येतील : म्यानमारच्या खेड्यांसाठी इशारा-स्वयंसेवक योजना, उत्तर उपसागराचे मासेमारी वेळापत्रक, समुद्री नमुन्यांचा समान नियम आणि नद्यांच्या पाण्याच्या दर्जाची सामाईक मोजणी. यातल्या एकाही कागदावर सही करताना कुणाला आपली जमीन सोडावी लागत नाही, की आपला अभिमान. एवढे झाले, तर व्यापार आणि रस्ते यांच्या बोलण्यालाही मागाहून बळ येईल, कारण तोवर या सात देशांना एकमेकांवर भरवसा ठेवायची सवय लागलेली असेल.

(पुढील लेखांक : सुंदरबनची दोन सरकारे आणि एक वाघ)