वर्गणी कशाची? : फुकट दिलेल्याला दर लावताना

मराठीत 'वर्गणी' हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या व्यवहारांना लावतो, आणि आजच्या विषयातला बराचसा घोळ त्या एका शब्दात आहे. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी घ्या. कुणी 101 देतो, कुणी 501 देतो, पलीकडच्या चाळीतला एखादा दार उघडतच नाही. पण आरतीला उभं राहताना पावती कुणी मागत नाही. ज्यानं दिलं नाही त्यालाही तोच मोदक. आता मासिकाची वर्गणी बघा. ती संपली की पोस्टमन यायचा थांबतो. पहिलीत पैसे देऊन आपण एक गोष्ट सगळ्यांसाठी उभी करतो, दुसरीत ती स्वतःसाठी विकत घेतो. शब्द एक, व्यवहार दोन.

इथे नारपोलीत आम्ही हा विषय घेतला त्याला कारण आहे. मागच्या दोन व्याख्यानांनंतर आलेल्या चिठ्ठ्यांमध्ये निम्म्या चिठ्ठ्या याच प्रश्नाच्या होत्या. या भागात मोबाईलवर काहीतरी शिकवणारी, दाखवणारी मुलंमुली किती आहेत हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. कुणी यंत्रमागाची दुरुस्ती दाखवतो, कुणी आगरी जेवण, कुणी शिवणकाम. आमची एक जुनी विद्यार्थिनी पोलीस भरतीचं गणित शिकवते, चार वर्षं, फुकट. तिचे सुमारे 10,000 फॉलोअर आहेत. जाहिरातीचे जे पैसे येतात त्यात तिचं इंटरनेटही धड भागत नाही. वडिलांचे माग बंद पडलेत. भाऊ म्हणतो, सरळ कुलूप लाव, पैसे भरेल तो बघेल. ती म्हणते, माझ्याकडे शिकणाऱ्या निम्म्या मुली घरातला एकच फोन रात्री दहानंतर हातात येतो तेव्हा बघतात, त्यांच्यासाठी पैसे कोण भरणार? दोघांचंही खरं आहे. म्हणून हा प्रश्न नुसत्या हिशेबाचा राहत नाही.

ज्ञानाचे पैसे घ्यावेत का, हा वाद तत्त्वज्ञानाच्या घरातच फार जुना आहे. सॉक्रेटिस पैसे घेत नसे आणि घेणाऱ्या सोफिस्टांची टर उडवत असे. आमच्या विषयातल्या लोकांनी गेली अडीच हजार वर्षं त्याचीच बाजू घेतली, बहुधा पगार दुसरीकडून मिळत होता म्हणून. पण प्लेटोच्याच 'प्रोटागोरस' या संवादात त्या बदनाम सोफिस्टाची फी घेण्याची रीत दिलेली आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. शिकून झालं की विद्यार्थ्यानं ठरलेली फी द्यावी. ती जास्त वाटत असेल तर देवळात जावं, शपथेवर सांगावं की हे शिक्षण मला एवढ्या मोलाचं वाटलं, आणि तेवढेच पैसे ठेवावेत. आपल्याकडच्या गुरुदक्षिणेपासून हे फार लांब नाही. आधी शिकवणं, मग देणं. आणि अडचणही दोन्हीकडे तीच: शिकवणाऱ्यानं तोवर खायचं काय?

आपल्याकडे छापखाने आल्यावर या अडचणीला उत्तर मिळालं ते आगाऊ वर्गणीचं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी 1874 मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. सात वर्षं, 84 अंक, आणि जवळजवळ सगळा मजकूर एकट्याचा. आजच्या भाषेत बोलायचं तर एका माणसाचं चॅनेल. ते चालू असताना पाच-साडेपाच वर्षं त्यांची सरकारी शाळेतली नोकरीही चालू होती, ती त्यांनी 1879 मध्ये सोडली. हा तपशील आमच्या विद्यार्थिनीनं जपून ठेवावा. लोक वाचतात म्हणजे घर चालतं असं तेव्हाही नव्हतं.

दुसरं उदाहरण श्रीधर व्यंकटेश केतकरांचं. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस. त्यांना मराठीत ज्ञानकोश करायचा होता. राजाश्रय नाही, विद्यापीठ पाठीशी नाही. त्यांनी 1916 मध्ये नागपुरात चक्क मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, पुस्तक हातात नसताना गावोगाव वर्गणीदार मिळवले. 23 खंड झाले. आता विचार करा, त्या वर्गणीदारानं नेमकं काय विकत घेतलं? खंड तर छापलेलेच नव्हते. त्यानं केतकरांचा शब्द विकत घेतला. म्हणजे वर्गणी मागणं हे आधी वचन देणं आहे, आणि विकणं त्यानंतर येतं. गंमत अशी की इंग्रजीतल्या 'सबस्क्राइब' या शब्दाचा मूळ अर्थही खाली सही करणं, शब्दानं बांधून घेणं असाच होता. यूट्यूबनं तो बटणावर छापून इतका स्वस्त केला की आता 'सबस्क्राइब करा, पैसे लागत नाहीत' असं सांगावं लागतं.

आता हिशेब. आम्ही आकडे सोपे धरतो. 10,000 फॉलोअरांपैकी शंभरात दोन जण पैसे भरतील असं धरू, म्हणजे 200 माणसं. हे गृहीतच आहे; एखादीला पाच मिळतील, एखाद्याला अर्धाही नाही. महिन्याला 59 रुपये दर ठेवला. या किमतीतच 18 टक्के जीएसटी आहे असं धरलं तर मूळ रक्कम उरते 50. यूट्यूबच्या मेंबरशिपमध्ये कर वजा जाता राहिलेल्या रकमेचे 30 टक्के कंपनी ठेवते, म्हणजे 15 गेले. हातात 35. दोनशे माणसांचे सात हजार. भाऊ 59 गुणिले 200 करून अकरा हजार आठशे म्हणत होता, तिथेच पहिलं भांडण होणार. स्वतःची वेबसाइट करून पेमेंट गेटवे लावला तर कपात साधारण दोन टक्क्यांच्या आसपास आणि त्यावर जीएसटी एवढीच राहते. सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीही लागत नाही. पण मग कुणाचे पैसे आले, कुणाचे अडकले, कुणाला लिंक उघडत नाही, हे रात्री अकराला फोनवर तिलाच निस्तरावं लागतं. त्या तासांचाही दर लावा आणि मग ठरवा.

पुढचा प्रश्न पायऱ्यांचा. एकच दर ठेवायचा की तीन? याला शहाणपणासाठी परदेशात जायची गरज नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, आणि आपल्याकडच्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात सभासदांचे वर्ग असतात. खालच्या वर्गाला एका वेळी एक पुस्तक, वरच्या वर्गाला दोन, सोबत मासिक, अनामत त्या हिशेबानं वेगळी. यात एक गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. वाचनालय वरच्या वर्गाला चांगलं पुस्तक आणि खालच्या वर्गाला वाईट पुस्तक देत नाही. कपाट सगळ्यांना तेच असतं, फरक फक्त एका वेळी किती न्यायचं याचा. आणि वाचनकक्षात बसून वर्तमानपत्र वाचायला बहुतेक ठिकाणी काहीच पडत नाही.

ऑनलाइन पायऱ्या ठरवताना मात्र लोक नेमकी उलटी चूक करतात. वरच्या पायरीला आकर्षक करण्यासाठी स्वतःचा वेळ विकायला काढतात. 499 रुपयांत महिन्यातून एकदा वैयक्तिक मार्गदर्शन! भिवंडीत याचा अर्थ समजवायला नको. रेकॉर्ड केलेला पाठ हा यंत्रमाग आहे. एक कामगार एकाच वेळी चार-सहा माग सांभाळतो, तसा एक पाठ दोनशे जण बघोत की दोन हजार, कष्ट तेवढेच. वैयक्तिक बोलणं हा हातमाग आहे. एक माणूस, एक माग. वरच्या पायरीवर वीस जण आले आणि प्रत्येकाला अर्धा तास कबूल केला तर महिन्याचे दहा तास गेले, तयारी वेगळी. चाळीस आले तर नवे पाठ बनणं थांबतं, आणि खालच्या पायरीवरच्या दोनशे जणांना दिलेलं वचन मोडतं. म्हणजे यश आलं की धंदा बुडतो. असली पायरी ठेवायचीच तर जागा मोजून ठेवाव्यात, आठ म्हणजे आठ. आमचं मत विचाराल तर सुरुवातीला दोनच पायऱ्या पुरेत. तिसरी लोकांनी मागितल्यावर घालावी.

आणखी एक मोह असतो, तो आजीव वर्गणीचा. 'एकदाच भरा, कायमचं बघा.' सुरुवातीला एकदम मोठी रक्कम हातात येते, कॅमेरा घेता येतो. मराठी मासिकांनी हा रस्ता चालून झालेला आहे. समजा वार्षिक वर्गणी 100 आणि आजीव 1000. बँक 12 टक्के व्याज देत होती तेव्हा हजाराचे 120 यायचे, अंकाचा खर्च निघून वर वीस उरायचे. नव्वदच्या दशकात हा हिशेब ठीक होता. पुढे व्याज 6-7 टक्क्यांवर आलं, कागद आणि टपाल महागलं, आणि त्याच हजारावर सत्तर रुपये येऊ लागले. वर्गणीदार मात्र देवाच्या दयेनं दीर्घायुषी. अंक दर महिन्याला जातोय आणि त्या अंकाचे पैसे वीस वर्षांपूर्वीच खर्च झालेत, अशी स्थिती अनेक संपादकांनी भोगली. ज्याची किंमत वर्षानुवर्षं वाढणार आहे असं काम एकरकमी विकू नये. कॅमेऱ्यासाठी पैसे हवेत तर कॅमेऱ्यासाठी म्हणून मागावेत, गणपतीच्या वर्गणीसारखे.

आता वर्गणी सोडण्याबद्दल, आणि इथे आम्ही जरा थांबणार आहोत. आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चाललेली एक वर्गणी होती, तिचं नाव बलुतं. सुतार, लोहार, परीट यांना घरटी वर्षाचं ठरलेलं धान्य. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' या 1915 च्या पुस्तकात ही सगळी व्यवस्था बारकाईनं मांडलेली आहे. काही लोक आज तिचं कौतुक करतात, की बघा, नियमित उत्पन्नाची हमी होती! हमी होती, पण त्यातून बाहेर पडण्याचा हक्क नव्हता. काम जन्मानं ठरलेलं, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणूनच बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं, कारण महारांना ते वतन म्हणजे वेठ झालं होतं. एवढ्या गंभीर गोष्टीची तुलना मोबाईलच्या मेंबरशिपशी करायची नाही. पण व्यवहार न्याय्य आहे की नाही हे तपासण्याची कसोटी आम्हाला तिथून मिळते: दोन्ही बाजूंना तो सहज सोडता येतो का?

या कसोटीवर आपले नियम बरे आहेत. खात्यातून आपोआप पैसे कापण्याबद्दल रिझर्व्ह बँकेची चौकट 1 ऑक्टोबर 2021 पासून कडकपणे लागू झाली. पहिल्यांदा ग्राहकानं स्वतः मंजुरी द्यायची, प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी त्याला सूचना जायची, आणि हवं तेव्हा ती मंजुरी काढून घेता यायची. ठरावीक मर्यादेपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. ती मर्यादा आधी 5,000 होती, जून 2022 मध्ये 15,000 झाली. यूपीआय ऑटोपे 2020 पासून आहे, त्यामुळे क्रेडिट कार्ड नसलेला माणूसही महिन्याचे 59 रुपये लावून ठेवू शकतो. नियम लागू झाले तेव्हा चॅनेलवाले कुरकुरले, की सूचना गेली की लोकांना आठवण होते आणि ते रद्द करतात. म्हणजे लोक विसरले यावर ज्याचं उत्पन्न उभं आहे, त्याला वर्गणी म्हणायची का? बंद करण्याचं बटण सुरू करण्याच्या बटणाएवढंच मोठं ठेवावं. ज्याला जाताना त्रास झाला नाही तो परीक्षा जवळ आली की परत येतो.

राहिला मूळ प्रश्न, कुलूप कशाला लावायचं. बेन्थॅमनं मालमत्तेची व्याख्या करताना म्हटलंय की तिचा पाया अपेक्षेत आहे. चार वर्षं जे पाठ उघडे होते त्यांच्यावर मुलींच्या अपेक्षा तयार झाल्या आहेत. कुणी वहीत पाठाचे क्रमांक लिहून ठेवलेत, कुणी धाकट्या बहिणीला सांगितलंय. कायद्यानं ते पाठ तिचेच आहेत, उद्या ती सगळे पुसून टाकू शकते. तरी जे उघडं होतं ते उघडं राहू द्यावं, नव्यातलंही मूळ शिकवणं उघडं ठेवावं, आणि दर लावावा तो त्याच्या पुढच्या गोष्टींना: सरावाचे प्रश्नसंच, तपासून दिलेली उत्तरं, आठवड्यातून एकदा शंकांचा तास. आणि शेजारी दुसरी पेटी ठेवावी, गणपतीच्या वर्गणीची, ज्यात भरती झालेली एखादी मुलगी पहिल्या पगारातून आपल्या मागच्या दोघींचे प्रश्नसंच भरू शकेल. दोन पेट्यांचे पैसे एकत्र करू नयेत, आणि कुठल्या पेटीत काय आलं ते दर महिन्याला सांगून टाकावं. मंडळाचा जमाखर्च फलकावर लागतो तसा.

एका चिठ्ठीत विचारलंय की वार्षिक वर्गणी घ्यावी का. घ्यावी, पण ती ज्या दिवशी येते त्या दिवशी आपली झालेली नसते. 600 रुपये आले तर 50 या महिन्याचे आपले, बाकी 550 वर्गणीदाराचे आपल्याकडे ठेवलेले. वेगळं खातं उघडावं, दर महिन्याला बारावा भाग आपल्याकडे घ्यावा. नोकरी लागली, लग्न ठरलं, आजारपण आलं आणि पाठ बंद करावे लागले, तर जेवढे महिने राहिले तेवढे पैसे त्याच खात्यातून परत करता येतात.