तलवारीचा सराव आणि सांध्यांची काळजी
ऐतिहासिक युरोपीय तलवारबाजी शिकणाऱ्यांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहिती

युरोपातील मध्ययुगीन व त्यानंतरच्या काळातील शस्त्रगुरूंनी लिहून ठेवलेल्या ग्रंथांच्या आधारे तलवारविद्येचा अभ्यास आज अनेक देशांत खेळ म्हणून केला जातो. दोन हातांनी धरावयाची लांब तलवार व एका हाताने चालवावयाची अरुंद पात्याची रेपियर ही त्यातील प्रमुख शस्त्रे होत. सरावाच्या तलवारींना धार नसते व टोक बोथट असते. त्यामुळे हा छंद निर्धोक आहे, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. धारेची भीती खरोखरच थोडी आहे. काळजी घ्यावयाची आहे ती सांध्यांची.

जाळीचा मुखवटा, जाड जाकीट आणि कडक कवचाचे हातमोजे बाहेरून येणारा आघात अडवितात. मनगट पिळले गेल्यास, कोपराच्या कंडरांवर तोच ताण शेकडो वेळा पडल्यास किंवा पुढचा गुडघा आत वळल्यास मात्र ही साधने उपयोगी पडत नाहीत. आपली तलवार आपणच कशी हाताळतो, यावर सांध्यांचे आरोग्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

मनगट आणि कोपर

लांब तलवारीचे वजन साधारणतः सव्वा ते दीड किलो असते. हे वजन फारसे नाही, परंतु पाते सुमारे एक मीटर लांब असल्याने फिरविताना त्याचे टोक मोठा वेग घेते. नवशिका हा वेग हवेतच, मूठ आवळून व मनगट ताठ करून थांबवितो. तो सर्व भार कोपराच्या बाहेरील उंचवट्याशी जोडलेल्या कंडरांवर येतो. टेनिस न खेळताही ‘टेनिस एल्बो’ होतो तो असा. पाण्याचा तांब्या उचलताना किंवा ओला कपडा पिळताना कोपराच्या बाहेरील बाजूस कळ येणे हे त्याचे पहिले लक्षण आहे. या टप्प्यावर सराव कमी केल्यास दुखणे बहुधा आटोक्यात राहते. दुर्लक्ष केल्यास ते कित्येक महिने रेंगाळते.

यावरील उपाय तंत्रातच आहे. पुढचा हात ढकलतो व मागचा हात मुठीचे टोक ओढतो. तलवार या तरफेने फिरवावी, केवळ मनगटाच्या झटक्याने नव्हे. वार हवेत रोखू नये, तो पुढील पवित्र्यापर्यंत जाऊ द्यावा. चौदाव्या शतकातील योहानेस लिख्टेनाउअर या जर्मन गुरूच्या परंपरेत चार मुख्य पवित्रे सांगितले आहेत आणि त्यांतील दोघांची नावे चक्क ‘बैल’ व ‘नांगर’ अशी आहेत. वार एका पवित्र्यातून निघून दुसऱ्यात विसावला, तर सांध्याला धक्का बसत नाही. मूठ सतत आवळून धरू नये; वार लागण्याच्या क्षणी घट्ट व एरवी सैल असावी.

‘बैल’ पवित्र्यात मूठ डोक्याच्या बाजूस उंच धरली जाते. या स्थितीत मिनिटेच्या मिनिटे उभे राहण्याचा सराव खांद्याला जाचक ठरतो. खांद्यात टोचल्यासारखे वाटू लागल्यास हात खाली घ्यावा. सहन करून दाखविण्यात काही लाभ नाही.

महाराष्ट्रातील वाचकांपैकी काहींनी मर्दानी खेळात दांडपट्टा चालविला असेल. पट्ट्याची मूठ लोखंडी खोबणीत असल्याने त्यात मनगट जवळजवळ वळत नाही. शक्ती खांदा व कंबर यांतून येते. युरोपीय लांब तलवारीत मनगट मोकळे असते. पट्ट्यात निष्णात असलेल्या व्यक्तीचा खांदा तयार असला, तरी मनगट नवशिक्याचेच असते. त्यांनीही आरंभ सावकाशच करावा.

गुडघा व घोटा

योआखिम मायर यांचा १५७० साली स्ट्रासबुर्ग येथे छापला गेलेला ग्रंथ त्यातील चित्रांमुळे प्रसिद्ध आहे. त्या चित्रांतील योद्धे पाय लांब टाकून, खूप खाली वाकून उभे दिसतात. ते पाहून पहिल्याच आठवड्यात तशी बैठक घेणे गुडघ्याला महागात पडते. पाऊल जितके लांब, तितका पुढच्या गुडघ्यावरील भार अधिक. गुडघा नेहमी पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेनेच वाकावा, आत झुकू नये. आरशासमोर दहा पावले टाकून पाहिल्यास दोष लगेच दिसतो. वळताना संपूर्ण पाऊल वळवावे. पाऊल जमिनीला चिकटलेले आणि धड फिरलेले, अशा स्थितीत गुडघ्यातील कूर्चा व अस्थिबंध फाटू शकतात. ओली किंवा धुळीने निसरडी झालेली गच्ची सरावास योग्य नाही.

पकड आणि पेच

येथे विशेष सावधगिरी हवी. पंधराव्या शतकाच्या आरंभीचे इटालियन गुरू फिओरे देई लिबेरी यांच्या ग्रंथात कुस्ती व खंजीर यांचे अनेक पेच आहेत. त्यांतील काही प्रतिस्पर्ध्याचा कोपर किंवा खांदा निकामी करण्यासाठीच रचलेले आहेत. म्हणजेच तो पेच ‘बरोबर’ जमला, तर जोडीदाराचा सांधा मोडेल. म्हणून हाताचे पेच नेहमी संथ गतीने शिकावेत. जोडीदाराने थाप मारताच किंवा ‘थांबा’ म्हणताच पकड सोडावी. मुक्त लढतीत, विशेषतः थकवा आला असताना, असे पेच घालू नयेत. तलवार हिसकावून घेण्याच्या डावात अंगठा अडकतो; मूठ हातातून निघत असेल तर ती जाऊ द्यावी.

तयारी

स्नायू काही आठवड्यांत बळावतात, कंडरांना मात्र महिने लागतात. ‘आता ताकद आली’ असे वाटू लागते, नेमक्या त्याच काळात दुखापती होतात. आठवड्याचा सराव एकदम दुप्पट करू नये. आजारपण किंवा दीर्घ सुटीनंतर निम्म्यापासून सुरुवात करावी. सरावापूर्वी १० ते १५ मिनिटे अंग गरम करावे. एक लिटर पाण्याने भरलेली बाटली हातात धरून, पुढचा हात टेबलावर टेकवून व तळहात खाली ठेवून, मनगट तीन-चार सेकंद घेत हळूहळू खाली न्यावे व दुसऱ्या हाताच्या आधाराने पुन्हा वर आणावे. असे १० ते १५ वेळा, दिवसाआड, दोन्ही हातांनी करावे. घोट्यासाठी एका पायावर ३० सेकंद उभे राहण्याचा व्यायाम पुरेसा आहे. सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा अधिक दुखत असेल, तर आदल्या दिवशीचे प्रमाण जास्त होते असे समजावे. वेदनाशामक गोळी घेऊन सरावास उतरू नये.

मुलांना हलकी, लवचीक किंवा फोमची तलवार द्यावी. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळील वाढीची कूर्चा अस्थिबंधांपेक्षा नाजूक असते. त्यामुळे मुलाची ‘साधी मुरगळ’ ही प्रत्यक्षात त्या कूर्चेची दुखापत असू शकते.

दुखापत झाल्यास घरी काय करावे

सर्वप्रथम अंगठी, बांगडी, कडे काढावे. सूज आल्यावर ते निघत नाही व बोटाचा रक्तपुरवठा अडू शकतो. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावा व दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावा. सांध्याला आधार द्यावा. घडी केलेले जाड वर्तमानपत्रही त्यासाठी चालते. हात किंवा पाय उंचावर ठेवावा. पहिले दोन दिवस शेकू नये आणि तेल लावून चोळू नये. आंबेहळदीचा लेप लावण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्वचा फुटलेली नसल्यास त्यास हरकत नाही, परंतु लेपामुळे तपासणी लांबणीवर टाकू नये. निखळलेला सांधा ओढून बसविण्याचा प्रयत्न घरी किंवा हाडे बसविणाऱ्याकडे करू नये. त्यात शिरा व रक्तवाहिन्यांना इजा होते.

सांध्याचा आकार बदलणे, बोटे बधिर, थंड किंवा पांढरी पडणे, चार पावलेही टाकता न येणे, गुडघा अडकून बसणे, अंगठा व तर्जनीच्या चिमटीत किल्ली धरता न येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आणखी एक खूण सहज नजरेतून सुटते. अंगठा ताणला असता त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला एक खळगा दिसतो. हातावर पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर स्कॅफॉइड नावाचे लहान हाड मोडलेले असू शकते. या हाडाचा रक्तपुरवठा मर्यादित असल्याने उपचारास उशीर झाल्यास ते नीट जुळत नाही व मनगट कायमचे दुखरे होते. पहिल्या एक्स-रेमध्ये ही मोड कधी कधी दिसतही नाही. म्हणून एक्स-रे ‘चांगला’ आला तरी वेदना कायम असल्यास, डॉक्टरांच्या सल्ल्याने १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासणी करावी आणि तोपर्यंत मनगटाचा आधार काढू नये.

डॉक्टरांना ‘पडलो’ एवढेच सांगू नये. दोन्ही हातांनी दीड किलोची तलवार फिरविताना, पेचात अडकून की जमिनीवर हात टेकून इजा झाली, हे स्पष्ट सांगितल्यास कोणता अस्थिबंध तपासावयाचा ते त्यांना ठरविता येते. पट्टी किंवा प्लास्टर निघाल्यावर तलवार पुन्हा कधी हाती घ्यावी, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.