पायाखालचा गारवा

मे महिन्यातल्या दुपारी वसईच्या वाडीतल्या विहिरीचे पाणी अंगावर घेतले की गार लागते. जानेवारीच्या पहाटे तेच पाणी कोमट वाटते. पाण्यात फारसा फरक पडलेला नसतो. बदललेली असते ती हवा. जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभर जवळपास स्थिर, म्हणजे मुंबई-वसई पट्ट्यात सुमारे २७ अंश सेल्सिअस असते.

भूऔष्णिक ऊर्जा म्हटले की वसईकरांना वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडे आठवतात. तिथे पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तापते आणि वर येते. इमारत थंड ठेवायला मात्र एवढ्या खोल उष्णतेची गरज नसते.

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील बॉल स्टेट विद्यापीठाने २००९ पासून सुमारे ३,६०० विंधनछिद्रे घेऊन त्यांत पाण्याच्या बंद नळ्या सोडल्या. उन्हाळ्यात इमारतींतली उष्णता जमिनीत जाते आणि हिवाळ्यात तीच परत मिळते. कोळशाचे चार बॉयलर त्यामुळे बंद झाले. आपल्याकडे गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडी येथे ‘टेरी’ संस्थेने सुमारे ४ मीटर खोलीवरच्या बोगद्यांतून हवा फिरवून खोल्या थंड केल्या.

वसईत यांची जशीच्या तशी नक्कल चालणार नाही. इथे उकाड्याला दमटपणाची जोड असते. घाम वाळत नाही, शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही आणि त्वचेकडे जास्त रक्त पाठवताना हृदयावर ताण येतो. वृद्ध, हृदयरुग्ण आणि गर्भवतींना त्याचा त्रास अधिक. शिवाय दमट हवा भूमिगत नळ्यांतून खेळवली तर आत ओल आणि बुरशी धरू शकते. दम्याच्या रुग्णाला ते घातकच.

त्यापेक्षा पाण्याच्या बंद नळ्या बऱ्या. एसी आपली उष्णता ३५ अंशांच्या गल्लीत फेकण्याऐवजी २७ अंशांच्या जमिनीत सोडतो. वीज कमी लागते, शेजाऱ्याच्या खिडकीवर गरम झोतही येत नाही. पण कोकणात हिवाळ्यात उष्णता परत घ्यायची वेळच येत नाही. मर्यादेबाहेर भार टाकला तर जमीनही हळूहळू तापेल.

म्हणून आधी भार कमी करायला हवा. त्याचे उपाय वसईच्या जुन्या घरांत दिसतात: रुंद ओटी, उतरते कौलारू छप्पर, समोरासमोर खिडक्या, अंगणात झाडे. महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचा आराखडा करतानाच हे ठरवावे. जमिनीत नळ्या घालायच्या असतील तर त्यांची जागाही तेव्हाच राखावी. इमारत उभी राहिल्यावर खोदाई अवघड आणि खर्चिक होते.