भरधाव म्हणजे ताशी किती?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

अपघाताची कुठलीही बातमी वाचा, ‘भरधाव’ हा शब्द असतोच. भरधाव ट्रकने दुचाकीला उडवलं, भरधाव मोटार दुभाजकावर आदळली. पोलीस ठाण्यातल्या फिर्यादीतही तो हटकून येतो. ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून’ हा मजकूर असंख्य फिर्यादींमध्ये जवळजवळ शब्दशः सापडतो. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला वाटतं की या एका शब्दात सगळं आलं. खटला उभा राहिला की मात्र पहिला प्रश्न येतो, भरधाव म्हणजे ताशी किती?

कायद्याने वेगाचे दोन निरनिराळे गुन्हे मानले आहेत आणि लोकांच्या बोलण्यात ते एक होऊन जातात. पहिला गुन्हा नुसती मर्यादा ओलांडण्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ मध्ये तो आहे. पूर्वी पहिल्या खेपेला जास्तीत जास्त ४०० रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाला किमान १,००० आणि कमाल २,००० रुपये, तर मध्यम व जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड ठरला. महाराष्ट्रात हे वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये आले. या कलमाखाली कैद नाही. कुणाला इजा झाली पाहिजे, असंही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. तिथे कुणी १३० ने गेला की गुन्हा पुरा झाला. पहाटेची वेळ होती, रस्ता मोकळा होता, गाडी उत्तम होती, यातलं एकही कारण बचाव म्हणून उपयोगी पडत नाही.

याच कलमात तिसरं पोटकलम आहे आणि ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. एका साक्षीदाराने ‘माझ्या मते गाडी मर्यादेपेक्षा जोरात होती’ असं सांगितलं, तर तेवढ्यावर कुणालाही दोषी ठरवता येत नाही. ते मत एखाद्या यंत्राने केलेल्या मोजणीवर आधारलेलं असावं लागतं. मग साक्षीदार पोलीस असो की वाटसरू. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. अंगावर येणाऱ्या गाडीचा वेग डोळ्यांनी अजमावणं जवळपास अशक्य असतं. लहान गाडी मोठा आवाज करत गेली की ती जोरात वाटते, आणि गुळगुळीत चालणारी महागडी गाडी दुपटीने गेली तरी संथ भासते.

म्हणून यंत्र आलं. महामार्ग पोलिसांच्या गाडीतली स्पीडगन आणि आता खांबांवर बसवलेले कॅमेरे. पण यंत्र म्हणालं म्हणजे झालं, असं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. त्यात अशा यंत्राला राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र असावं, ते दर वर्षी नव्याने घ्यावं, यंत्राची सूचना देणारा फलक आधी दिसेल असा लावावा, अशा अटी आहेत. चलनासोबत वाहनाचा क्रमांक दिसणारं छायाचित्र, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र असलं पाहिजे, असंही त्यात म्हटलं आहे. मोबाइलवर चलनाचा संदेश आला की आपल्याकडे एक तर लोक चिडून पैसे भरतात, नाही तर संदेश पुसून टाकतात. चलन उघडून छायाचित्र नीट पाहणारे थोडे. गाडी आपलीच आहे का, आकडा किती आहे, जागा कोणती आहे, हे पाहायला दोन मिनिटं लागतात.

पैसे भरले की काय होतं? कलम २०० प्रमाणे ती तडजोड ठरते आणि त्या दंडापुरतं प्रकरण मिटतं. न भरल्यास ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाऊ शकतं. तिथे समन्स निघतं आणि हजर झाल्यावर विचारलं जातं, गुन्हा कबूल आहे का? कबूल म्हटलं तर न्यायालय किमान आणि कमाल यांच्यामधला दंड ठरवतं. नाकबूल म्हटलं तर सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर येतो. यंत्राचं प्रमाणपत्र, छायाचित्र, ते हाताळणाऱ्याची साक्ष, हे सगळं आणावं लागतं आणि वाहनचालकाला उलटतपासणीचा हक्क मिळतो.

इथे कलम २०९ चा उल्लेख करायला हवा. वेगमर्यादेच्या गुन्ह्यात शिक्षा करायची तर तीनपैकी एक गोष्ट झालेली असावी लागते. खटल्याचा विचार होईल असं जागेवरच बजावलेलं असावं, किंवा १४ दिवसांत तशी नोटीस चालकाला वा वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला दिलेली अथवा नोंदणीकृत टपालाने पाठवलेली असावी, किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेलं असावं. नाव-पत्ता शोधूनही मिळाला नाही, किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे उशीर झाला, तर न्यायालय ही अट सोडू शकतं. घर बदलूनही आरटीओत जुनाच पत्ता ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. शिवाय ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, अशी मुदत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. वर्षानुवर्षांची थकलेली चलनं लोक अदालतीत मांडली जातात, ती तडजोडीसाठी. लोक अदालत दोन्ही बाजू राजी असतील तरच निवाडा देते, हे तिथे जाणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

एवढं सगळं असूनही बहुतेक लोक लढत नाहीत, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. हजार-दोन हजारांच्या दंडासाठी दोन तारखांना कामावर खाडा करणं रोजंदारीवाल्याला परवडत नाही. मात्र दंड भरला म्हणजे सुटलो, ही समजूत खोटी आहे. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे तडजोड झाली तरी लायसन्सवरची कारवाई वेगळी चालू शकते. कलम २०६ नुसार वेगाच्या गुन्ह्यात पोलिसाने लायसन्स ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. ज्याचं पोट टॅक्सीवर किंवा टेम्पोवर आहे, त्याच्या दृष्टीने दंडाच्या पावतीपेक्षा हे कलम कितीतरी मोठं आहे.

जाता जाता चौथ्या पोटकलमाबद्दल. एखादं वेळापत्रक प्रसिद्ध केलं, किंवा अमुक वेळात पोहोचलंच पाहिजे असा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय ते शक्यच नाही असं न्यायालयाला दिसलं, तर वेळापत्रक काढणाराच प्रथमदर्शनी गुन्हेगार ठरतो. मालकाच्या दडपणाखाली बस हाकणाऱ्या चालकासाठी ही तरतूद आहे. घरपोच मालाच्या आजच्या घाईत ती कुणी बाहेर काढून झटकली तर बरं होईल.

आता दुसरा गुन्हा. यात कुणी जखमी होतं, कुणी जीव गमावतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकार वाहन चालवण्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद सांगतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये ही कमाल दोन वर्षं होती. या कलमांत ‘वेगमर्यादा’ हा शब्दच नाही. इथे सिद्ध करायचा असतो अविचार किंवा हयगय.

आणि इथेच फिर्यादीतला तो ठरीव मजकूर दगा देतो. कर्नाटक सरकार विरुद्ध सतीश या खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं, की ट्रक ‘फार वेगात’ होता एवढ्याने हयगय सिद्ध होत नाही, कारण ‘फार वेग’ ही सापेक्ष गोष्ट आहे. त्या प्रकरणात ट्रक उलटून त्यातली माणसं मृत्युमुखी पडली होती. साक्षीदारांनी वेग जास्त होता असं सांगितलं, पण जास्त म्हणजे किती हे कुणी सांगितलं नाही. चालक सुटला. निकाल वाचून राग येतो. पण न्यायालयाने तरी कशावरून शिक्षा द्यायची?

याच्या उलट उदाहरण मुंबईच्या कार्टर रोडचं. नोव्हेंबर २००६ मध्ये एका मोटारीने रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांना चिरडलं, सात जण दगावले. सत्र न्यायालयाने सहा महिने कैद दिली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाचं कलम लावून ती तीन वर्षांवर नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम ठेवली. तीन वर्षंही अपुरी आहेत, पण राज्य सरकारने वाढीसाठी अपीलच केलं नाही, असंही त्या निकालात नोंदवलं आहे. या खटल्यात चालकाच्या रक्तात दारू असल्याचा तपासणी अहवाल होता. साक्षीदारांच्या नजरेपलीकडचं काहीतरी कागदावर होतं.

केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मरण पावली आणि त्यातले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगामुळे झाले. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्यामागची नोंद पोलिसांकडून येते, आणि यातल्या किती अपघातांत वेग खरोखर मोजला गेला असेल, याची मला शंका आहे.

वेग नंतर काढता येतो. ब्रेक दाबल्यावर टायर घासल्याच्या खुणांची लांबी, गाड्या आदळून थांबल्या ती अंतरं, दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यात गाडीने दोन खांबांमधलं अंतर किती सेकंदांत कापलं ते, बसमधल्या किंवा ट्रकमधल्या जीपीएस यंत्राची नोंद. या सगळ्यावरून तज्ज्ञ आकडा मांडू शकतात. पण खुणा पहिल्या पावसात जातात आणि कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांत पुसून त्यावर नवं येतं. पंचनाम्यात टेपने मोजलेली अंतरं आहेत की नुसतं ‘ब्रेकच्या खुणा दिसल्या’ असं लिहिलं आहे, हे नातेवाइकांनी तपास अधिकाऱ्याला विचारावं. दुःखाच्या दिवसांत हे अवघड असतं, म्हणून शेजाऱ्यानं किंवा मित्रानं करावं. जवळपासच्या कोणकोणत्या दुकानांबाहेर आणि टोलनाक्यांवर कॅमेरे आहेत ते लिहून काढावं, चित्रण जपून ठेवावं असा अर्ज त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यात द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.