म्हाइंभट आणि सेलूचा बी.ए.चा वर्ग

बी.ए.च्या मुलांचे मराठीचे प्रकल्प ओळीनं वाचायला घेतले, की पहिलं वाक्य बहुतेक ठिकाणी तेच भेटतं: साहित्य हा समाजाचा आरसा आहे. मग लेखकाचा जन्म, शिक्षण, पुरस्कार. मग कथानक, व्यक्तिरेखा, भाषाशैली. शेवटी समारोप आणि चार पुस्तकांची संदर्भसूची, त्यातलं एखादं गाईड. झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बायंडिंग होतं, व्हायवाला दोन प्रश्न विचारले जातात, इंटर्नलचे गुण पडतात. मुलांनी कष्ट घेतलेले नसतात असं मुळीच नाही. अक्षर टापटीप असतं, समास आखलेले असतात. प्रश्न मात्र कुठंच नसतो, आणि विचारायला काही नसलं की पानं माहितीनं भरावी लागतात.

ही गोष्ट आज जास्त निकडीची झाली आहे. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा महाराष्ट्र शासनानं 20 एप्रिल 2023च्या निर्णयानं ठरवून दिला आणि 2024-25पासून तो संलग्न महाविद्यालयांत आला. क्षेत्रप्रकल्प पदवीच्या अभ्यासातच आला. पुढं चौथ्या वर्षाला ‘संशोधनासह ऑनर्स’ची वाट उघडली. पूर्वी संशोधन म्हटलं की एम.फिल., पीएच.डी.ची मंडळी डोळ्यांसमोर यायची. आता ते नागपूर विद्यापीठाच्या कक्षेतल्या तालुक्याच्या गावी, विशीच्या आतल्या मुलामुलींच्या हाती आलं आहे. मला ही फार मोलाची संधी वाटते. ती बायंडिंगच्या खर्चात संपू नये, एवढ्याचसाठी हा आढावा.

शीर्षकातलं सेलू म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं. परभणीकडच्या सेलूशी गल्लत नको. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, बोर नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. हिंगणी, केळझर, झडशी अशा गावांतून मुलं एसटीनं नाहीतर दुचाकीवर शिकायला येतात. शेतीचा हंगाम आला की वर्गातले बाक रिकामे होतात. अशा तालुक्यांत शिकवणाऱ्यांपैकी अनेक जण तासिका तत्त्वावर असतात, नागपूर किंवा वर्ध्याहून अप-डाऊन करतात. पाच-सहा पेपर आणि शंभरावर वह्या सांभाळणाऱ्या माणसाकडून एकेका प्रकल्पावर बारकाईनं हात फिरवण्याची अपेक्षा करणं सोपं आहे. तेवढा वेळ त्याला पगारासकट मिळाला पाहिजे, हे कुणीतरी शासनाला ठणकावून सांगायला हवं.

साहित्य वाचून संशोधनपर लिहायला शिकवणं हा जगात स्वतंत्र विषय मानला जातो. हार्वर्डनं 1885च्या सुमारास पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा वर्ग घातला आणि ती प्रथा अमेरिकेतल्या महाविद्यालयांत पसरली. तिथं डॉक्टर होणाऱ्या मुलालाही एखादी कथा वाचून, तिच्यावर दावा मांडून, पुराव्यानिशी निबंध लिहावा लागतो. आपल्याकडं निबंधाचा सराव दहावी-बारावीला संपतो आणि पदवीला थेट ‘सविस्तर उत्तरे लिहा’ येतं. मधली पायरीच नाही. पण ती पायरी बांधायला अमेरिकेकडं बघत बसण्याचं कारण नाही. सेलूहून काही तासांच्या अंतरावर, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला ती साडेसातशे वर्षांपूर्वी बांधून झाली आहे.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडं निघून गेल्यावर त्यांचा परिवार रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात जमला. तिथं त्या परिवारातल्या म्हाइंभटांनी एक काम अंगावर घेतलं: स्वामी कुठं, कुणाशी, काय बोलले, ते सगळं गोळा करायचं. म्हाइंभट विद्वान होते, शास्त्रार्थ करणारे. मनात आणलं असतं तर बसल्या जागी संस्कृतात एक स्तुतिग्रंथ लिहिला असता. त्याऐवजी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं त्यांच्याकडं ते गेले, प्रत्येकाची आठवण ऐकली, लिहून घेतली. परंपरा सांगते, की जमलेली प्रत्येक लीळा, म्हणजे स्वामींची आठवण, ते पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढं ठेवत आणि तपासून घेत. शके 1200च्या, म्हणजे 1278च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध झालं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणून आपण ते शिकवतो. त्यातली भाषा शिकवतो, चक्रधरांची शिकवण शिकवतो. ग्रंथ तयार कसा झाला ही गोष्ट परीक्षेपुरत्या एका टीपेत उरकते, आणि माझ्या मते नेमकी तीच संशोधनलेखनाच्या पहिल्या तासाला सांगायला हवी.

पुढं जे घडलं ते तर याहून बोलकं आहे. खलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. शिष्यांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. आठवणी एकसारख्या निघाल्या नाहीत. एकीनं असं सांगितलं, दुसऱ्यानं तसं. त्या मंडळींनी सगळं सारखं करून टाकलं नाही. हिराइसेचा पाठ असा, परशरामाचा असा, रामेश्वराचा असा, अशी नावानिशी नोंद परंपरेत राहिली. पवित्र मानलेल्या ग्रंथाच्या बाबतीतही ‘इथं दोन म्हणणी आहेत’ हे लपवलं नाही. संशोधनाचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच, आणि तो मराठी गद्याच्या उगमाशी आहे.

या वाटेवर विदर्भातली माणसं पुढंही चालत राहिली. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत बंद होत्या. त्या लिप्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उकलल्या. हरि नारायण नेने यांनी नागपुरातून ‘लीळाचरित्रा’चे भाग काढले. वि. भि. कोलते यांनी हयात या वाङ्मयात घालवली. 1966 ते 1972 ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि त्यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ 1978 साली आलं. अॅन फेल्डहाउस अमेरिकेतून येऊन हे वाङ्मय शिकल्या आणि त्यांनी म्हाइंभटांचं गोविंदप्रभुचरित्र इंग्रजीत नेलं. शं. गो. तुळपुळे यांच्यासह त्यांनी केलेला जुन्या मराठीचा कोश 1999 साली प्रसिद्ध झाला. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. ऑक्टोबर 2024मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आनंदाच्या भाषणांत या कोशकारांची, पाठ जुळवणाऱ्यांची नावं क्वचितच ऐकू आली.

आता वर्गात येऊ. समजा, सेलूची एक मुलगी उद्धव शेळके यांची ‘धग’ प्रकल्पाला घेते. 1960ची कादंबरी, संवाद थेट वऱ्हाडी वळणाचे. तिच्या घरी आजी जवळपास तशीच बोलते, त्यामुळं पुण्या-मुंबईच्या वाचकाला जे अडतं ते तिला अडत नाही. कौतिक ही नायिका, तिचा नवरा महादेव शिंपीकाम करणारा, पुढं त्याला महारोग जडतो. मुलगी पहिल्या खर्ड्यात लिहिते: ‘कौतिक ही सोशिक भारतीय स्त्रीचे प्रतीक आहे.’ वाक्य चुकीचं म्हणता येत नाही, पण ‘धग’ न वाचताही ते लिहिता आलं असतं. शिक्षकानं इथं लाल रेघ मारून भागत नाही. विचारायचं: तुला वाचताना कुठं थांबावंसं वाटलं? ती म्हणाली, की महादेवाच्या आजाराबद्दल लोक कसे बोलतात तिथं. मग प्रश्न तिथंच धरायचा. या कादंबरीत रोगाचं नाव कोण घेतं, कुणासमोर घेतं, आणि कोण ते टाळून आडवळणानं बोलतं?

एवढा प्रश्न पुरे. तिनं पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून पेन्सिल घेऊन वाचायचं. वहीत चार रकाने: पान, बोलणारा, ऐकणारा, वापरलेला शब्द. कौतिक नवऱ्याशी बोलताना काय म्हणते, शेजारीण काय म्हणते, लेकरांसमोर काय बोललं जातं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. रकाने भरले, की ‘सोशिक स्त्री’ हे वाक्य आपोआप बाजूला पडतं, कारण तिच्या हाती आता दुसऱ्या कुणाकडं नसलेली गोष्ट असते. निष्कर्ष काय निघेल ते मी इथं लिहीत नाही. तो तिचा आहे.

आणि मग सेलूत राहण्याचा फायदा सुरू होतो. कादंबरीबाहेरचा पुरावा तिच्या एसटीच्या मार्गावर आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 साली कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची कुटी आहे. संस्कृतचे पंडित, कुष्ठरोगी, आणि त्यांना गांधीजी स्वतः मालिश करत. गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान 1951पासून वर्ध्यातून काम करू लागलं. गावोगाव पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार यांची सांगड घालण्याची त्यांची पद्धत नावाजली गेली. सल्फोन औषधं तोवर आली होती. म्हणजे ‘धग’ लिहिली गेली त्या काळात या भागात रोगावर इलाजही होता आणि सेवेची परंपराही. कादंबरीतला काळ नेमका कोणता? तिथल्या माणसांपर्यंत यातलं काय पोचतं, काय पोचत नाही? संस्थांचे छापील अहवाल, जुनी मासिकं, आणि जमलं तर संस्थेतल्या जाणत्या माणसांशी बोलणं. साहित्याचा विद्यार्थी इथं समाजशास्त्राच्या अंगणात जातो, पण परत पुस्तकाकडं येण्यासाठी. हे भान सुटलं की प्रकल्प ‘कुष्ठरोग: कारणे व उपाय’ असा होऊन बसतो आणि कौतिक हरवते.

मुलाखतीचं बंधन मोठं आहे. रुग्णाला, त्याच्या घरच्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला आपोआप मिळत नाही. परवानगी घ्यावी, नाव झाकावं, आणि नको म्हटलं तर उठून यावं. विसाव्या वर्षी हे शिकलेलं जन्मभर पुरतं.

संदर्भ देण्याविषयी मुलांना धाक फार घातला जातो आणि कारण कमी सांगितलं जातं. तळटीप गुणांसाठी नसते. ज्याला शंका आली त्यानं ते पान उघडून पाहावं म्हणून असते. ‘अमुक समीक्षक म्हणतात’ एवढं पुरत नाही. कोणतं पुस्तक, कोणती आवृत्ती, कोणतं पान. आवृत्ती तर हमखास राहते, आणि पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार प्रबंधातलं 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाला पात्र नाही. मुलं त्यातून एवढंच घेतात, की दहा टक्के उचललं तरी चालतं. शिवाय मराठीतलं कितीतरी लिखाण जुन्या फाँटमध्ये किंवा नुसत्या स्कॅन केलेल्या पानांच्या रूपात आहे. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या हाती ते नीट लागत नाही. त्यामुळं आपल्याकडं राखण शिक्षकाच्या वाचनानंच व्हायची. पेन्सिलीनं भरलेले ते चार रकाने मात्र कुठून उतरवून आणता येत नाहीत, आणि मोबाईलवरच्या यंत्राकडून मागवताही येत नाहीत. प्रकल्पासोबत ती कच्ची वही मागावी, तिलाही गुण द्यावेत, असं मी आग्रहानं सुचवेन.

भाषेचं काय? प्रमाण मराठी लिहिता येत नाही या भीतीनं मुलं ‘सदर संशोधनात असे निदर्शनास येते की’ अशा कोरड्या वाक्यांच्या आड लपतात. बोलीतले शब्द अवतरणात जसेच्या तसे यावेत, जोडाक्षरंही न सुधारता. आपलं म्हणणं साध्या मराठीत यावं: मला असं दिसतं, कारण अमुक पानावर असं आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीचा मराठीचा खंड 1905 साली निघाला, त्यात वऱ्हाडीचे आणि नागपुरीचे नमुने नोंदले आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी जी बोली नोंदण्याजोगी ठरली, ती आज त्याच भागातल्या मुलाला वहीत लिहायला लाज का वाटावी?

ग्रंथालयाची अडचण खरी आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश सापडला तर नशीब. विश्वकोश आता संकेतस्थळावर वाचता येतो, शोधगंगेवर प्रबंध मिळतात. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची मात्र मुलांना एकदा तरी प्रत्यक्ष दाखवावी. 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची ती नोंद 1943 साली प्रसिद्ध झाली, एका माणसाच्या चिकाटीतून. संदर्भसूची म्हणजे काय असू शकतं, ते त्या जाड खंडाकडं पाहून कळतं.

जात्यावरच्या ओव्यांचं हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभं केलेलं कामही दाखवावं. महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव टिपलं गेलं. हिराइसेचा पाठ हिराइसेच्या नावावर ठेवणाऱ्यांचंच हे कूळ.

सेलू तालुक्यात असे प्रश्न जागोजाग पडले आहेत. विनोबांनी ‘गीताई’ 7 ऑक्टोबर 1930 ते 6 फेब्रुवारी 1931 या काळात वर्ध्यात लिहिली. आज तालुक्यातल्या कोणत्या घरांत ती पाठ आहे, आणि कुणाकडून शिकलेली? बोरच्या जंगलालगतच्या गावांतल्या म्हाताऱ्या बाया वाघाविषयी कोणत्या गोष्टी सांगतात, आणि 2014 साली व्याघ्रप्रकल्प झाल्यावर त्या गोष्टी बदलल्या का? केळझरला लोक महाभारतातली एकचक्रा नगरी मानतात, बकासुराची कथा तिथं जमिनीला चिकटून आहे. ती किती तऱ्हांनी सांगितली जाते? पुजारी कशी सांगतो, शेतात निंदण करणारी बाई कशी सांगते, शाळकरी पोरगं कसं सांगतं? तीन विद्यार्थी, तीन वह्या, प्रत्येक पाठाखाली सांगणाऱ्याचं नाव, वय, तारीख आणि त्याची संमती. वर्षाअखेरीस त्या वह्या ग्रंथालयात नोंदवून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या तुकडीला चौथ्या सांगणाऱ्याकडं जाता येईल.